पूर्वजशोध आणि पुरावा : ॲलेक्स हेली यांच्या ‘रूट्स’चा पुनर्विचार

अमेरिकेच्या टेनेसी राज्यातील हेनिंग हे एक लहानसे शेतकरी गाव आहे. तेथील एका घराच्या ओसरीवर १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात, उन्हाळ्याच्या संध्याकाळी काही वृद्ध कृष्णवर्णीय स्त्रिया बसत आणि आपल्या घराण्याची हकिकत पुन्हा पुन्हा सांगत. त्या हकिकतीच्या मुळाशी एक ‘आफ्रिकन’ होता. त्याला गुलाम म्हणून पकडून जहाजाने ‘नॅप्लिस’ येथे आणले गेले. धन्याने त्याचे नाव टोबी ठेवले. तो मात्र आपले नाव ‘किन-टे’ असल्याचे अखेरपर्यंत सांगत राहिला. ढोलासाठी लाकूड तोडायला रानात गेला असताना तो पकडला गेला होता. नदी दिसली की तो ‘कांबी बोलोंगो’ म्हणे आणि तंतुवाद्याला ‘को’ म्हणे. आजीच्या खुर्चीमागे बसून हे ऐकणारा मुलगा म्हणजे ॲलेक्स हेली (१९२१–१९९२). या मौखिक हकिकतीतून पुढे १९७६ मध्ये ‘रूट्स’ हा ग्रंथ सिद्ध झाला. ‘एका अमेरिकन कुटुंबाची गाथा’ हे त्याचे उपशीर्षक आहे.

ग्रंथाचे यश असाधारण होते. जानेवारी १९७७ मध्ये सलग आठ रात्री त्यावरील दूरचित्रवाणी मालिका दाखवली गेली आणि अमेरिकेतील कोट्यवधी लोकांनी ती पाहिली. त्याच वर्षी ग्रंथाला विशेष पुलित्झर सन्मान मिळाला. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या द्विशताब्दी वर्षात प्रकाशित झालेला हा ग्रंथ लेखकाने आपल्या देशाला वाढदिवसाची भेट म्हणून अर्पण केला होता. आपल्या गुलाम पूर्वजांचा, तेही आफ्रिकेतील नेमक्या गावापर्यंतचा, शोध घेता येतो हा विश्वास या एका पुस्तकाने लाखो कुटुंबांत निर्माण केला. ग्रंथालयांत आणि अभिलेखागारांत वंशशोधासाठी येणाऱ्यांची रीघ लागली. तथापि, पुढील पाच वर्षांतच या ग्रंथातील वंशावळीचा पाया संशोधकांनी जवळजवळ उखडून काढला.

‘रूट्स’ खरे की खोटे, एवढाच प्रश्न आजवरच्या चर्चेत बहुधा विचारला गेला आहे. हा प्रश्न टाळता येण्यासारखा नाही. परंतु तो अपुरा आहे. ज्यांच्या पूर्वजांची नावेच सत्तेने कागदावर येऊ दिली नाहीत, त्यांना आपला भूतकाळ कसा सिद्ध करता येईल, हा त्यामागचा मोठा प्रश्न आहे. हेली यांनी त्याला दिलेले उत्तर कुठे टिकते आणि कुठे कोसळते, हे ग्रंथाच्या रचनेतच तपासून पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

कागदाची मर्यादा

अमेरिकेच्या ग्रामीण भागातील कुठल्याही गोऱ्या शेतकऱ्याचा वंशज आपला शोध सहसा जनगणनेपासून सुरू करतो. तेथे १७९० पासून दर दहा वर्षांनी जनगणना झाली आणि १८५० पासून घरातील प्रत्येक स्वतंत्र व्यक्तीचे नाव, वय, जन्मस्थान नोंदवले जाऊ लागले. त्याच्या जोडीला जमिनीचे खरेदीखत, मृत्युपत्र, चर्चमधील बाप्तिस्म्याची नोंद, सैन्यातील निवृत्तिवेतनाचे कागद असतात. एका पिढीचा धागा हाती लागला की मागची पिढी फारशी दूर नसते.

गुलामांच्या वंशजांसाठी ही वाट १८७० पाशी थांबते. १८५० आणि १८६० च्या जनगणनांत गुलामांच्या स्वतंत्र याद्या आहेत. पण त्यांत नाव असते ते धन्याचे. त्याखाली गुलामांची नोंद केवळ वय, लिंग आणि वर्ण एवढीच. ‘पुरुष, ३०, काळा’. ‘स्त्री, १२, मिश्र’. माणसांची मोजदाद आहे, माणसे नाहीत. डिसेंबर १८६५ मध्ये तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी संपली आणि १८७० च्या जनगणनेत पूर्वीचे गुलाम प्रथमच नावानिशी अवतरले. वंशशास्त्राचे अभ्यासक या वर्षाला ‘भिंत’ म्हणतात ते याच कारणाने. त्यात आणखी एका दुर्दैवाची भर पडली. १८९० च्या जनगणनेचे बहुतेक कागद १९२१ मधील आगीमुळे नष्ट झाले आणि स्वातंत्र्यानंतरची पहिली पिढी संसाराला लागली त्या काळाची नोंदही विरळ झाली.

भिंत असली तरी तिला फटी आहेत. मुक्त गुलामांच्या साहाय्यासाठी १८६५ मध्ये स्थापन झालेल्या संघराज्य शासनाच्या विभागाचे कागद, श्रमाचे करारनामे, विवाहनोंदी उपलब्ध आहेत. १८६५ ते १८७४ या काळात चाललेल्या ‘फ्रीडमन्स सेव्हिंग्ज बँके’च्या खातेवह्या तर विलक्षण आहेत. खातेदाराची ओळख पटावी म्हणून त्याचे आईवडील, भावंडे, जन्मस्थान आणि कित्येकदा पूर्वीचा धनी यांची नोंद तीत होई. बँक बुडाली, गरिबांच्या ठेवी गेल्या, आणि वंशजांच्या हाती उरली ती ही नातलगांची यादी. १८६५ च्या मागे जायचे तर धन्याच्या कागदपत्रांतूनच जावे लागते. मृत्युपत्रात मुलींना वाटून दिलेले गुलाम, कर्जापोटी तारण ठेवलेले गुलाम, मालमत्तेच्या यादीत बैल आणि नांगर यांच्याशेजारी किमतीसह लिहिलेले गुलाम, असा तो शोध आहे. गुलामाचे नाव तेव्हाच कागदावर येते, जेव्हा त्याची किंमत ठरवायची असते.

‘रूट्स’च्याच वर्षी, १९७६ मध्ये, हर्बर्ट गटमन यांचा गुलामगिरीतील आणि स्वातंत्र्यातील कृष्णवर्णीय कुटुंबावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला, हा योगायोग लक्षणीय आहे. गटमन यांनी मळ्यांवरील जन्मनोंदवह्या तपासून असे दाखवले की, गुलाम कुटुंबे आपल्या मुलांना बापाची, आज्याची, आजीची नावे सातत्याने ठेवत होती. धन्याने विकून वेगळे केलेल्या बापाचे नाव मुलाच्या रूपाने त्या मळ्यावर राही. ज्या वहीत धन्याने आपली मालमत्ता वाढल्याची नोंद केली, तीच वही नातेसंबंधांचा पुरावा ठरली. हा ग्रंथ हेली यांच्या ग्रंथाच्या मानाने फार थोड्यांनी वाचला. मात्र पूर्वजशोधाच्या पद्धतीचा विचार करता त्याचे मोल अधिक आहे, असे म्हणणे भाग आहे.

जुफुरे येथील कथन

हेली यांच्याजवळ आजीकडून आलेले तीनचार शब्द होते. आफ्रिकी मौखिक परंपरांचे अभ्यासक यान व्हान्सिना यांनी ते शब्द मांडिंका भाषेतील असावेत, ‘बोलोंगो’ म्हणजे नदी आणि ‘कांबी बोलोंगो’ म्हणजे गांबिया नदी असावी, असे सुचवले. येथपर्यंतची वाटचाल विश्वसनीय आहे. एका घराण्याने दीडदोनशे वर्षे अर्थ ठाऊक नसताना काही ध्वनी जपून ठेवावेत आणि त्यांतून एका भाषाप्रदेशाचा माग लागावा, ही घटना मौखिक परंपरेच्या सामर्थ्याची साक्ष आहे.

यापुढचे पाऊल मात्र निसरडे ठरले. १९६७ मध्ये हेली गांबियातील जुफुरे या गावी गेले. तेथे केब्बा कांगा फोफाना नावाच्या वृद्धाने किंटे कुळाची वंशावळ कथन केली. त्या कथनाच्या ओघात, राजाचे सैनिक आले त्या सुमारास कुंटा नावाचा तरुण लाकूड तोडायला गेला आणि पुन्हा दिसला नाही, असे वाक्य आले. ग्रंथाच्या अखेरच्या भागातील हा प्रसंग वाचकाला हेलावून सोडतो. ‘राजाचे सैनिक’ म्हणजे १७६७ मध्ये तेथील ब्रिटिश किल्ल्यावर आलेली तुकडी, असे समीकरण हेली यांनी मांडले. मग त्या वर्षी गांबियातून अॅनापोलिसला गेलेले ‘लॉर्ड लिगोनिअर’ हे जहाज त्यांना सापडले. ते २९ सप्टेंबर १७६७ रोजी पोहोचले. १४० गुलाम घेऊन निघालेल्या त्या जहाजावर ९८ जिवंत उरले होते. जहाज खरे आहे, आकडे कागदावरचे आहेत. प्रश्न आहे तो त्या ९८ जणांत कुंटा होता हे कशावरून, हा.

एप्रिल १९७७ मध्ये लंडनच्या ‘संडे टाइम्स’मध्ये मार्क ऑटवे यांनी जुफुरे येथे जाऊन केलेली चौकशी प्रसिद्ध केली. फोफाना हा परंपरेने वंशावळी सांगणाऱ्या घराण्यातील नव्हता, आणि हेली काय शोधत आहेत याची वार्ता त्यांच्या आधीच तेथे पोहोचली होती, असे त्यातून पुढे आले. गांबियाच्या इतिहासाचे अभ्यासक डोनाल्ड राइट यांनी याच फोफानाची पूर्वी मुलाखत घेतली होती. १९८१ मध्ये ‘हिस्टरी इन आफ्रिका’ या नियतकालिकातील लेखात त्यांनी दाखवून दिले की, अठराव्या शतकातील एका सामान्य तरुणाच्या नाहीशा होण्याची अशी कालनिश्चित स्मृती त्या भागातील मौखिक परंपरेत सहसा आढळत नाही. मांडिंका परंपरेत ‘जाली’ हा राजघराण्यांचा, आश्रयदात्यांचा इतिहास सांगतो. त्या कथनाचे प्रयोजन वर्तमानातील मानमरातब सिद्ध करणे हे असते. तारखा जपणे हे त्याचे काम नव्हे. तसेच श्रोत्याला हवे असलेले देणे हा कोणत्याही मौखिक कलेचा स्वभाव आहे. फोफानाने लबाडी केली असे म्हणण्यापेक्षा, दुरून आलेल्या पाहुण्याने उत्तर सोबत आणले होते आणि यजमानाने ते त्याला परत दिले, असे म्हणणे अधिक न्याय्य होईल.

येथे साहित्यविचाराच्या दृष्टीने एक बाब नोंदवली पाहिजे. ग्रंथातील जुफुरे हे बाहेरच्या जगापासून दूर असलेले, ऋतूंच्या आणि विधींच्या लयीत चालणारे गाव आहे. प्रत्यक्षातील जुफुरे हे नदीतील ब्रिटिश किल्ल्याजवळचे, युरोपीय व्यापाराशी पिढ्यान्‌पिढ्या संबंध असलेले ठिकाण होते. ‘तौबोब’ म्हणजे गोरा माणूस ही तेथे अफवा नव्हती, रोजचे दर्शन होते. त्या व्यापारात स्थानिक मध्यस्थांचाही वाटा होता. हेली यांनी हे सारे पुसून टाकले. कारण त्यांना हरवलेले नंदनवन हवे होते. ती गरज समजण्यासारखी आहे. परंतु अशा रम्य चित्रणाने कुंटाच्या पूर्वजांचे जग सोपे होते, आणि जे जग सोपे केले जाते ते आपले राहत नाही.

स्पॉटसिल्व्हेनियातील टोबी

आफ्रिकेतील धागा संशयास्पद ठरला तरी व्हर्जिनियातील धागा कागदावर आधारलेला होता, असा हेली यांच्या समर्थकांचा युक्तिवाद असतो. ५ सप्टेंबर १७६८ च्या दस्तानुसार स्पॉटसिल्व्हेनिया काउंटीतील जॉन वॉलर याने आपली मालमत्ता विल्यम वॉलर याच्या नावे केली. त्यात टोबी नावाच्या गुलामाचा उल्लेख आहे. सप्टेंबर १७६७ मध्ये जहाज आले, पुढच्या सप्टेंबरात टोबी कागदावर दिसला. हेली यांच्यासाठी साखळी पूर्ण झाली.

गॅरी मिल्स आणि एलिझाबेथ शोन मिल्स या वंशशास्त्राच्या जाणकार दांपत्याने ‘व्हर्जिनिया मॅगझिन ऑफ हिस्टरी अँड बायोग्राफी’च्या जानेवारी १९८१ च्या अंकात या साखळीची तपासणी केली. त्यांचे निष्कर्ष निर्णायक आहेत. टोबी हा गुलाम वॉलर कुटुंबाच्या करपात्र व्यक्तींच्या याद्यांत १७६२ पासूनच आढळतो. ‘लॉर्ड लिगोनिअर’ किनाऱ्याला लागण्यापूर्वी पाच वर्षे तो व्हर्जिनियात होता. १७८२ च्या सुमारास तो नोंदींतून नाहीसा होतो. ग्रंथात मात्र त्याची मुलगी किझी १७९० मध्ये जन्मते. म्हणजे कागदावरचा टोबी हा कुंटा नव्हे, आणि किझीचा बाप तर नव्हेच.

हेली यांची चूक कोणती, हे नीट पाहिले पाहिजे. वंशशास्त्राचा पहिला नियम असा की, नाव जुळले म्हणजे माणूस जुळला असे नाही. एकाच काउंटीत एकाच नावाचे अनेक गुलाम असत; टोबी हे तर अतिशय रूढ नाव होते. एखाद्या दस्तात हवे ते नाव सापडल्यावर संशोधकाने त्या नावाच्या मागचे आणि पुढचे कागद तपासले पाहिजेत. आपले अनुमान खोटे ठरवू शकेल अशी नोंद मुद्दाम शोधली पाहिजे. हेली यांनी जुळणारा दस्त सापडताच शोध थांबवला. बारा वर्षे परिश्रम करणाऱ्या लेखकाविषयी हे विधान कठोर वाटेल. परंतु बारा वर्षांचा बराचसा काळ उत्तर शोधण्यापेक्षा आधीच गवसलेल्या उत्तराला दुजोरा शोधण्यात गेला, असा निष्कर्ष टाळता येत नाही.

मिल्स दांपत्याच्या टीकेचा एक भाग मात्र मराठीतच नव्हे, तर इतरत्रही दुर्लक्षित राहिला आहे. गुलामांचा इतिहास कागदपत्रांतून उभा करता येत नाही, असे त्यांचे म्हणणे नव्हते. उलट करयाद्या, मृत्युपत्रे, मालमत्तेच्या नोंदी, न्यायालयीन कागद चिकाटीने वाचले तर पुष्कळ हाती लागते, असेच त्यांच्या तपासणीतून दिसते. ‘कागद नव्हते म्हणून कल्पना वापरली’ हा बचाव त्यामुळे अर्धाच खरा ठरतो. जो खराखुरा टोबी वॉलर किमान वीस वर्षे त्या काउंटीत राबला, त्याच्याकडे मात्र कुणाचेच लक्ष गेले नाही. हेली यांना तो कुंटा म्हणून हवा होता आणि टीकाकारांना तो कुंटा नसल्याचा पुरावा म्हणून. या वादात त्याची स्वतःची ओळख दुसऱ्यांदा पुसली गेली.

कादंबरी आणि दावा

आपल्या लेखनप्रकाराला हेली यांनी वस्तुस्थिती आणि कल्पित या दोहोंच्या मिश्रणातून घडलेला ‘फॅक्शन’ हा शब्द वापरला. संवाद आणि बहुतेक प्रसंग कल्पनेने रचलेले आहेत, मात्र वंशाविषयीची विधाने मौखिक परंपरेतून आलेली आणि शक्य तेथे कागदपत्रांनी ताडलेली आहेत, असे त्यांनी ग्रंथाच्या शेवटी स्पष्ट केले. म्हणजे नेमके जे भाग तपासता येतात, त्यांच्या खरेपणाचीच हमी त्यांनी दिली. ही हमी नसती, तर ‘रूट्स’ ही गुलामगिरीवरील एक प्रभावी ऐतिहासिक कादंबरी म्हणून निर्वेध वाचली गेली असती.

आणखी एक डाग आहे. हॅरोल्ड कुर्लँडर यांच्या ‘द आफ्रिकन’ (१९६७) या कादंबरीतील मजकूर ‘रूट्स’मध्ये आल्याचा दावा न्यायालयात गेला आणि १९७८ मध्ये सहा लाख पन्नास हजार डॉलरच्या तडजोडीने मिटला. या तडजोडीत हेली यांनी ‘द आफ्रिकन’मधील काही मजकूर आपल्या ग्रंथात आल्याचे मान्य केले. वंशाचे खरेपण सांगणाऱ्या ग्रंथातील अनुभव दुसऱ्याच्या कादंबरीतून यावा, हे विसंगत आहेच. त्यावर अधिक विस्ताराची गरज नाही.

रचनेकडे पाहिले तर एक व्यस्त प्रमाण ठळकपणे दिसते. एकशे वीस प्रकरणांपैकी सुमारे दोनतृतीयांश भाग कुंटाने व्यापला आहे. म्हणजे ज्याच्याविषयी सर्वांत कमी पुरावा, त्याला सर्वाधिक पृष्ठे. किझी आणि तिचा मुलगा, कोंबड्यांच्या झुंजी लावणारा ‘चिकन जॉर्ज’, यांना त्याहून कमी. जॉर्जचा मुलगा टॉम मरे हा नॉर्थ कॅरोलायनातील अलामान्स काउंटीतला लोहार. गुलामगिरी संपल्यावर त्याने कुटुंबासह टेनेसीची वाट धरली आणि हेनिंगमध्ये बस्तान बसवले. त्याची आणि त्याच्या लेकीसुनांची कहाणी अखेरीस घाईने उरकली जाते. येथे कागद होते, जिवंत स्मृती होती, ती सांगणाऱ्या आज्या होत्या. भूमिहीन मुक्त गुलाम लोहारकाम करत करत एका नव्या गावात कसा रुजतो, त्याचा जावई विल पामर लाकडाच्या वखारीचा मालक कसा होतो, गोऱ्या गावकऱ्यांशी कोणत्या अटींवर व्यवहार करतो, हा अमेरिकन ग्रामीण इतिहासाचा मोलाचा प्रदेश होता. हेली त्यावरून जवळजवळ धावत गेले. वाचकांना आफ्रिका हवी होती, आणि लेखकालाही.

असे असले तरी ग्रंथातील काही भाग वाङ्मयीन दृष्ट्या आजही टिकून आहेत. जहाजाच्या तळघरातील प्रकरणे त्यांपैकी होत. तेथे कुंटा नावाची विशिष्ट व्यक्ती होती की नाही, याला महत्त्व उरत नाही. अंधार, साखळ्या, घाण आणि परक्या भाषांतले कण्हणे यांतून त्या ९८ आणि मृत ४२ जणांचा सामूहिक अनुभव शब्दबद्ध होतो. किझीच्या विक्रीचा प्रसंगही असाच आहे. बापाने शिकवलेल्या शब्दांखेरीज तिच्याजवळ काही उरत नाही, आणि ते शब्द ती मुलाला देते. ओसरीवरील त्या शब्दांना येथे खरे कथारूप लाभते. ग्रंथाच्या शेवटी तृतीयपुरुषी निवेदक अचानक आपणच ते नवजात बालक असल्याचे सांगतो, ते तंत्र परिणामकारक आहे. मात्र त्याच क्षणी कादंबरी साक्षीपत्र बनते, आणि साक्षीपत्राला उलटतपासणी चुकत नाही.

मराठी समीक्षेतील तुलना

अमेरिकन कृष्णवर्णीयांच्या लढ्याशी महाराष्ट्राचे नाते जुने आहे. जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ (१८७३) हे पुस्तक गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केले. म. ना. वानखडे, जनार्दन वाघमारे यांच्या लेखनातून कृष्णवर्णीय साहित्याचा परिचय मराठीला झाला आणि १९७२ मध्ये ‘दलित पँथर’ने तर नावच तिकडून घेतले. त्यामुळे महाविद्यालयीन अभ्यासात ‘रूट्स’ आणि दलित आत्मकथने एकत्र ठेवण्याची प्रथा पडली, ती स्वाभाविकच होती.

तथापि ही तुलना पुष्कळदा ढोबळ होते. ‘बलुतं’ (१९७८) किंवा ‘उपरा’ (१९८०) यांतील निवेदक स्वतः जगलेले सांगतो. फार तर आईबापांपर्यंत, आज्यापर्यंत मागे जातो. सात पिढ्यांची वंशावळ सिद्ध करणे हे त्याचे उद्दिष्ट नाही. किंबहुना, वंशाच्या उच्चनीचतेवर उभ्या असलेल्या व्यवस्थेला नकार देणाऱ्या साहित्यात थोर पूर्वजाचा शोध हा अंतर्विरोध ठरला असता. हेली यांना मात्र कुंटाला सन्मान्य घराण्यातला दाखवावे लागते. कैराबा कुंटा किंटे या पूज्य पुरुषाचा नातू असल्याने तो मोठा ठरतो. गुलामाची प्रतिष्ठा त्याच्या कुळावरून सिद्ध करण्याचा हा मोह मराठी अभ्यासकाच्या नजरेतून सुटायला नको होता. दलित आत्मकथनांनी या मोहाला ज्या निग्रहाने दूर ठेवले, तो त्यांचा ‘रूट्स’हून वेगळा आणि स्वतंत्र विशेष आहे.

प्रिसिला आणि एलिझाबेथ

एडवर्ड बॉल यांच्या ‘स्लेव्हज इन द फॅमिली’ (१९९८) या ग्रंथाशी तुलना अधिक फलदायी ठरते. बॉल हे गुलामांच्या मालकांचे वंशज. १६९८ मध्ये साउथ कॅरोलायनात आलेल्या एलियास बॉलच्या घराण्याने कूपर नदीकाठी वीसहून अधिक मळे वसवले आणि १८६५ पर्यंत सुमारे चार हजार माणसे त्या मळ्यांवर गुलाम म्हणून जन्मली वा विकत आणली गेली. या घराण्याने आपल्या वह्या जपून ठेवल्या. त्या आधारे बॉल यांनी गुलामांच्या वंशजांचा शोध घेतला आणि त्यांच्या घरी जाऊन त्यांना त्यांच्या पूर्वजांची नावे दिली.

या वह्यांत १७५६ मध्ये चार्ल्सटन येथे विकत घेतलेल्या सुमारे दहा वर्षांच्या एका मुलीची नोंद आहे. तिचे नाव धन्याने प्रिसिला ठेवले. ‘हेअर’ या ज्या जहाजाने तिला सिएरा लिओनहून आणले, त्याचे कागदही पुढे मिळाले. तिची मुले, नातवंडे वह्यांतून पिढी दर पिढी सापडत जातात. १८११ मध्ये ती मरण पावली. तिच्या वंशातील एक स्त्री २००५ मध्ये सिएरा लिओनला जाऊन आली. आफ्रिकेपासून वर्तमानापर्यंतची अखंड साखळी, जी हेली यांना हवी होती, ती येथे खरोखर आहे. मात्र ती अस्तित्वात आहे ती मालकाच्या हिशेबी वृत्तीमुळे, आणि ती प्रिसिला या नावापाशी थांबते. आईने तिला कोणत्या नावाने हाक मारली होती, ते कोणत्याच वहीत नाही. हेनिंगच्या ओसरीवर नाव उरले होते, कागद नव्हता. कूपर नदीकाठी कागद उरला, नाव नाही. दोन्ही ठिकाणी जे हरवले ते वेगवेगळे आहे. एकाची उणीव दुसऱ्याने भरून काढता येत नाही. हेली यांनी ती भरून काढण्याचा प्रयत्न केला, आणि त्यात ओसरीवरच्या स्मृतीचे जे खरे मोल होते तेही संशयाच्या छायेत लोटले. स्मृतीतील ‘आफ्रिकन’ हा कुंटा नसेल, जुफुरेचा नसेल, १७६७ चा नसेल; तरी तो कुणीतरी होता, मांडिंका भाषेचे शब्द बोलत होता आणि दिलेले नाव नाकारत होता, एवढे त्या स्त्रियांनी जपले होते. ते पुरेसे मानण्याची तयारी ग्रंथकाराजवळ नव्हती.

‘रूट्स’च्या शेवटच्या भागात एक छोटा प्रसंग आहे. जुफुरेच्या आणि अॅनापोलिसच्या झगमगाटात तो सहसा लक्षात राहत नाही. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात हेली अलामान्स काउंटीची १८७० ची जनगणना मायक्रोफिल्मवर पाहत होते. जुन्या वळणदार हस्ताक्षरातील नावांच्या रांगा पाहून कंटाळून उठण्याच्या बेतात असताना एक नोंद समोर आली. टॉम मरे, काळा, लोहार. त्याखाली त्याची बायको आयरीन. त्याखाली मुले, आणि त्यांत सहा वर्षांची एलिझाबेथ. हेली यांची आजी सिंथिया त्या यादीत नाही. ती अजून जन्मायची होती. एलिझाबेथ तिची थोरली बहीण, ओसरीवर बसून हकिकत सांगणाऱ्यांतली लिझ मावशीआजी.